बांधावरचं कृष्णकमळ

उंच डोंगरातल्या जंगलात कृष्णकमळाचा रानवेल झाडांवर चढतो आणि मोठी गोड फळं देतो म्हणे. राणीसावरगावाकडच्या आमच्या बांधावर आला तो त्याचा खुरटा भाऊ. जाळीदार वेष्टनात गोटीएवढं फळ, पिकलं की केशरी, आत बिया आणि आंबटगोड गर. शेळ्या वळताना मी तीच खायचे. वेलाला कुणी हात लावला की माझं डोकं फिरायचं.

बांधाच्या अलीकडे आमचं रान, पलीकडे धाकट्या चुलत्याचं. बांधावर उगवेल ते दोघांचं, आणि आपलं रान वाढवायला बांध कुणी कोरायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बांध कोरण्यावरून आमच्या गावात डोकी फुटलेली आहेत.

चुलतीला त्या वेलाचं फूल बघवायचं नाही. कडेच्या तंतूंचे शंभर कौरव, मधले पाच पांडव. असलं फूल दोन भावांच्या मधोमध वाढलं तर घरात महाभारत होणारच, हे तिनं नवऱ्याच्या मनात भरवलं. चुलता भोळा. भावाशी कधी वाकडं येऊ नये म्हणून तो एका सकाळी कुदळ घेऊन वेल मुळासकट खणायला लागला.

माझ्या बापाला दुरून दिसलं ते एवढंच की भाऊ बांध खणतोय.

"बांध कोरायलास व्हय रे?" म्हणत तो धावला आणि उत्तराची वाट न बघता हातातल्या कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, त्याच्या डोक्यात घातला. चुलता वेलावरच कोसळला. रक्त डोळ्यात उतरलं, पानांवर सांडलं.

"आण्णा, येल काढायलोय. तुज्यामाज्यात भांडन नगं म्हनून."

बाप बहिरा झाला होता. कुऱ्हाड पुन्हा वर गेली. त्या घडीला मला बापाचाच जीव घ्यावासा वाटला. मी शेळ्या सोडून पळाले आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या तोंडावर बुक्क्या मारल्या. ओठ फाटला, तरी मी सोडलं नाही. कुऱ्हाड खाली पडली, तेव्हा कुठं त्याला भावाचं बोलणं ऐकू आलं.

चुलता जगला, पण एक डोळा गेला. पोलिसांना त्यानं सांगितलं, "बांधावरून पडलो." बापाशी मात्र तो आजतागायत बोललेला नाही.

वेल पुन्हा फुटला. आता त्याला कुणी हात लावत नाही, मीसुद्धा फळ खात नाही. बाप मनगटावरचे माझ्या दातांचे वण चोळत बसतो.

"पयल्या घावाच्या आदी चावायचं व्हतंस गं," म्हणतो.