चुन्याची डबी म्हणजे रोम

साल एकोणीसशे ब्याण्णव. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. माझी धाकटी मुलगी एक कागद घेऊन समोर उभी होती आणि तिला त्यावर माझी सही पाहिजे होती.

कागद इंग्रजीत होता. काय लिहिलंय ते तिनेच सांगितलं. मुंबईतला एक ट्रस्ट तिला वर्षभर इंग्लंडात शिकायला पाठवणार होता. खर्च सगळा त्यांचा. मुलगी बिनलग्नाची म्हणून वडिलांची संमती तेवढी हवी. महिना संपायच्या आत कागद पोचला नाही तर तिची जागा दुसऱ्याला जाणार.

"काय शिकायला?" मी विचारलं.

"रोमन प्रांतांचा इतिहास आणि पुरातत्त्व."

"समजलं नाय," मी म्हणालो. "आणि समजल्याशिवाय मी सही करत नाय."

तिला अडवायचं म्हणून मी हे बोललो नव्हतो. तो माझा नियमच होता. नवं शहर वसवायला सरकारने जमिनी घ्यायला काढल्या तेव्हा कळंबोलीच्या बाजूला आमची भातशेती होती. भावकीतले सगळे एकत्र कचेरीत गेले आणि साहेबाने बोट ठेवलं तिथे कुणी सही, कुणी अंगठा करून मोकळे झाले. मी साहेबाला म्हणालो, वाचून दाखवा, मग समजावून सांगा, मग बघू. साहेब भला होता. त्याने दोनदा वाचलं. मला समजलं नाही. मी उठून घरी आलो. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, पण म्हणून कुणीही काहीही पुढे सरकवावं आणि मी त्यावर नाव लिहावं असं नाही. जमीन पुढे गेलीच. सही नसताना कशी गेली, तेही मला आजपर्यंत नीट समजलेलं नाही. पण माझी सही त्यावर नाही, हे मी चार लोकांत मान वर करून सांगत आलो होतो.

मुलीला हे सगळं ठाऊक होतं. ती वाद घालत बसली नाही. म्हणाली, "मग मी समजावते."

ती पनवेलहून रोज एसटीने जाऊन एम.ए. झालेली. जुन्या काळाचा इतिहास हा तिचा विषय. मध्ये एकदा कॉलेजवाल्यांबरोबर महिनाभर कुठेतरी माती खणायला गेली होती आणि काळी ठिक्कर पडून परत आली. तिची आई तेव्हा म्हणाली होती, "एवढी आपल्या शेतात राबली असतीस तर भात तरी आला असता." तिने पिशवीतून खापराचे तुकडे काढून दाखवले, तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता.

संध्याकाळी मी ओटीवर पान लावत बसलो होतो. ती येऊन समोर बसली.

रोम मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. मी मिठागरावर कामाला होतो तेव्हा आमचा मुकादम ख्रिस्ती होता. त्याच्या भिंतीवर रोमच्या मोठ्या धर्मगुरूंची तसबीर होती. म्हणून मी आधीच विचारून टाकलं, "रोमचं शिकायचं तर रोमला जा. इंग्लंडला कशाला?"

ती हसली आणि माझा पानाचा डबा पुढे ओढला. चुन्याची डबी काढून चटईच्या मध्ये ठेवली. "बाबा, ही चुन्याची डबी म्हणजे रोम." मग एकेक सुपारी भोवती मांडत गेली. हा स्पेन, हा फ्रान्स, ही इजिप्तची लवंग, कारण सुपाऱ्या कमी पडल्या. "हे सगळे बाहेरचे मुलूख. रोमने जिंकले, आपला माणूस बसवला, सैन्य ठेवलं, कर घेतला. अशा एकेका मुलखाला प्रांत म्हणायचं."

"म्हणजे सुभा."

"सुभाच म्हणा."

मग तिने सुपारीचं उरलेलं अर्धं खांड उचललं आणि पार चटईच्या कडेला नेऊन ठेवलं. "आणि हे इंग्लंड."

मी हातातलं पान खाली ठेवलं. "इंग्लंडवर राज्य?"

"साडेतीनशे वर्षांच्या वर."

मला माझा बाप आठवला. मी लहान असताना एक गोरा साहेब मिठागर बघायला आला होता. बापाने वहाणा काढून हातात घेतल्या आणि साहेब जाईपर्यंत तापलेल्या बांधावर अनवाणी उभा राहिला. का, असं मी विचारलं तर म्हणाला, ते राजे आहेत. आणि आता माझी पोरगी सांगत होती की त्या राजांच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं होतं. हे मला समजलं. पुष्कळच समजलं असं वाटलं.

सकाळी नाक्यावरच्या हॉटेलात गेलो. माझा चुलत भाऊ तिथे असायचाच. वयाने माझ्याहून लहान. जमिनीच्या कागदावर त्याने सही पहिल्याच दिवशी केली आणि आलेल्या पैशांत ट्रक घेतला, तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात चालायचा. मी त्याला ऐकवलं, इंग्रज पण कुणाचे तरी गुलाम होते, माझी पोरगी तेच शिकायला चाललीय.

त्याने बशीतला चहा संपवला. "दादा, मग त्या इंग्रजांनी रोमच्या कागदावर सही केलेली का? का तुझ्यासारखीच नाय केली?"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसल्यासारखं केलं. पण प्रश्न वाईट नव्हता. तो मी घरी घेऊन आलो.

मुलगी भाजी निवडत होती. मी विचारलं, "त्या इंग्रजांनी सही केली होती का?"

"बाबा, ते इंग्रज नव्हते."

"काल तूच म्हणालीस इंग्लंड."

"देश तोच. पण तेव्हा तिथे दुसरे लोक राहायचे. इंग्रज मागाहून आले, समुद्रापलीकडून. रोमन निघून गेल्यावर."

"म्हणजे इंग्रजांचा देश इंग्रजांचा नाय?"

"आता आहे. पण मूळचे ते नव्हेत."

माझं डोकं फिरलं. फसवल्यासारखं वाटलं. नाक्यावर मी जे छाती पुढे काढून सांगितलं होतं ते खोटं ठरलं होतं. "आधी सांगायचंस," मी म्हणालो. "आता मी त्या ट्रकवाल्याला काय तोंड दाखवू?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली. ते खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडलो आणि बाहेर जाऊन बसलो.

पण महिना संपत आला होता. संध्याकाळी मीच तिला हाक मारली, "बाय, ये. मांड तुझा डबा." तिने पुन्हा चुन्याची डबी, सुपाऱ्या, लवंग सगळं मांडलं. मी म्हणालो, "इंग्रज राहू देत. जे मूळचे होते त्यांचं सांग. त्यांची जमीन घेतली का?"

"घेतली. सगळीकडे नाही, पण घेतली. सरळ रस्ते आखले, नवी शहरं वसवली. म्हाताऱ्या झालेल्या शिपायांना जमिनी दिल्या."

"आणि मूळच्यांनी?"

"काही लढले. काही मोठ्या घरचे लोक रोमनांसारखं राहायला लागले. त्यांच्यासारखी घरं, त्यांच्यासारखे कपडे, त्यांची भाषा."

"कुणी सांगितलं तसं राहायला?"

"तेच नीट कळत नाही. लिहून ठेवणारे बहुतेक रोमचेच. या लोकांचं लिहिलेलं फार थोडं सापडतं. मग त्यांच्या घरांच्या जागा खणायच्या, भांडी बघायची. पुष्कळ घरांत जेवायची ताटं नवी, लाल, रोमन पद्धतीची. पण चुलीवरचं मडकं जुन्याच घडणीचं."

आतून तिची आई ओरडली, "मग त्यात काय शोधायचं? माझ्या गॅसवर पण तवलीच हाय. मातीच्या तवलीशिवाय कालवणाला चव येत नाय."

"बघ," मी म्हणालो. "आईने घरात सांगितलं. इंग्लंडला जायची काय गरज?"

"आईला चवीसाठी तवली लागते, हे आईने सांगितलं म्हणून कळलं," मुलगी म्हणाली. "त्या बायकांना विचारता येत नाही. त्यांनी मडकं चवीसाठी ठेवलं, की नवं परवडत नव्हतं, की हट्टाने ठेवलं? आणि लाल ताटं आवडली म्हणून घेतली, की घ्यावी लागली, की शेजारणीने घेतली म्हणून? मोठमोठे प्रोफेसर यावर भांडतात."

"अजून भांडतात?"

"अजून."

समोर भिंतीला पांढरं बेसिन होतं. दोन वर्षांपूर्वी मी ते बसवून घेतलं होतं. तोंड मात्र मी मागच्या दारी दगडावर बसूनच धुवायचो. बेसिनमध्ये बायको कोथिंबीर ठेवायची. ते कुणी लावलं असं विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, मी लावलं, माझ्या घरात मी लावलं. पण कशाला लावलं? कुणी सांगितलं नव्हतं. चुलत भावाकडे होतं हे खरं. पण त्याच्याकडे होतं म्हणून मी लावणारा माणूस नाही. मग कशाला? काही केल्या सांगता येईना. विचार करता करता मी चटईवरचं खांड उचललं, अडकित्त्यात धरलं आणि कातरून तोंडात टाकलं.

"इंग्लंड कुठं गेलं?" मुलीने विचारलं.

"तुझ्या बापाने खाल्लं," आई दारात येऊन म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अवो, उद्या कागद टाकला नाय तर वेळेवर जायचा नाय. तुमाला समजेल तोवर पोरगी म्हातारी होईल."

"मला समजलं नाय तर मी सही करणार नाय," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "आख्ख्या भावकीने केली तेव्हा मी केली नाय. आता काय पोरीची म्हणून डोळे मिटून करू?"

मुलगी सुपाऱ्या गोळा करून डब्यात टाकत होती. तिचे हात थांबले. इतका वेळ ती शिकलेल्या माणसासारखी बोलत होती, पण आता आमच्यासारखी बोलली. "बाबा, मना तरी कुठं समजलंय? मनाच समजलं नाय म्हणून तर चाललेय. समजलं असतं तर कशाला गेले असते?"

एवढं बोलून ती आत गेली.

मी चुन्याची डबी हातात घेऊन बसून राहिलो. कचेरीतल्या साहेबाने मला समजावलं तेव्हा त्याला सगळं समजलेलं होतं. निदान तो तसं दाखवत होता. सही मागणाऱ्याला समजलेलं असतं आणि सही करणाऱ्याला नसतं, म्हणून मी जपून होतो. इथे मागणारीच म्हणत होती की मला समजलेलं नाही. अशा कागदाला माझा नियम लागू होतो की नाही? नाही म्हणावं तर ती घरी बसणार आणि त्या बायकांनी मडकं कशाला ठेवलं ते तिलाही कधी कळणार नाही आणि मलाही. हो म्हणावं तर इतकी वर्षं मान वर करून सांगितलं त्याचं काय? आणि खरं सांगायचं तर सही न करून माझी जमीन कुठे राहिली होती? हे मी तोवर कुणाला बोललो नव्हतो, स्वतःलाही नाही. जेवताना बायकोने विचारलं, काय ठरलं. मी म्हणालो, कालवणात मीठ जास्त आहे. ते जास्त नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी मुलीकडे कागद मागितला. तिने बोट ठेवलं तिथे मी मराठीत पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, सावकाश. पाकीट मात्र तिच्याकडे दिलं नाही. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि स्वतः निघालो.

नाक्यावर चुलत भाऊ बसलेला होता. "दादा, समजलं का शेवटी?"

"नाय."

"मग सही?"

"केली."

त्याने कप खाली ठेवला. "मग पोरगी तिथं शिकणार काय?"

"ते तिला पण ठाऊक नाय," मी म्हणालो. "म्हणून तर चाललीय."

या वेळी कुणी हसलं नाही, की हसले ते मी ऐकलं नाही, सांगता येत नाही. मी चहा न घेताच पुढे गेलो. टपाल कचेरी अजून उघडली नव्हती. पाकीट मांडीवर ठेवून मी पायरीवर बसलो.