सोमवारी आंबागड चढू नये

यांना हार्टअटॅक आला तेव्हा आम्ही लाखनीत राहायचो. हे शाळेत मास्तर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आल्यावर पावसाळाभर मी यांना ना बादली उचलू दिली, ना मोठ्याने हसू दिलं. मीठ बंद. भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्या ओळखीतला कोण कसा अचानक गेला ते सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टर म्हणाले, आता थोडा थोडा चढ चढा. त्यांच्या मनात जिना असावा. यांनी आंबागडचा किल्ला काढला.

"तुले संग कायले याचं आहे?" हे म्हणाले.

"तुमाले उचलून आनाले कोन आहे मंग?"

लाखनीहून पहिल्या एसटीने भंडारा, तिथून तुमसर. हायवेवर बस ट्रकांच्या मागे रांगत जाते. तिकीट स्वस्त, उशीर फुकट. तुमसरच्या स्टँडवर आलुबोंडा झकास मिळायचा. यांनी नुसता वास घेतला. पुढे आंबागडच्या गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पिवळ्या झालेल्या. यांनी पाहायला खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मी ते आत घेतलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याची छागल, डबा, छत्री, गोळ्या, सतरंजी, सगळं माझ्या अंगावर. हे नवरदेवासारखे मोकळे. डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई थांबली.

"काहून जी भाऊ, सारा बोजा बाईवर?"

"हार्टचा त्रास आहे त्याईले," मी म्हटलं.

"अन् बाईले हार्ट नसते काय?" म्हणत ती निघून गेली.

आता एक सांगायलाच हवं. यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी महादेवाला बोलले होते: यांना वाचव, वर्षभर दर सोमवारी दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. नवस बोलून दाखवू नये, म्हणून यांना माहीत नव्हतं. आंबागडला गेलो तो दिवस सोमवार होता. खालून मला किल्ला लहान वाटला.

प्रत्येक वळणावर मी विचारायची, "धाप लागली? छातीत दुखते?"

"नाही वं. तूच धापा टाकून राहिली."

दरवाजापाशी पोहोचले आणि बुरूज गरगर फिरला. डोळे उघडले तर हे माझ्या तोंडावर पाणी मारत होते आणि चक्क रडत होते. "ऊठ वं! तू गेली तं मी कोनाच्या भरवशावर जगू?"

छागल ओठाला लावली. मी तोंड मिटलं. मग सांगावंच लागलं.

हे बघतच राहिले. "म्हंजे तुले उपाशी मारून देव मले जगवन? अन् मंग अळनी भाजी कोन रांधन? पी!"

आजारपणानंतर यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता. मी प्यायले आणि आधी यांच्या छातीकडे पाहिलं. उतरताना सगळं सामान यांच्या खांद्यावर. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती, पण माझी बोलायची सोय नव्हती. बसमध्ये हे ओरडले, "माही बायको बिमार आहे, जागा द्या!" इतक्या ऐटीत मी यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

तुम्ही जाल तर सकाळी लवकर चढा. भरपूर पाणी न्या आणि ते प्या.

पुढच्या सोमवारी सकाळी हे स्वयंपाकघरात दोन ताटं मांडून बसले. "तू जेवशीन तं मी जेवीन. गोया बी तवाच घेईन."

त्या गोळ्या उपाशीपोटी चालत नव्हत्या. नवस मोडावा तर हे जातील, पाळावा तरी हे जातील. मनात म्हटलं, महादेवा, राग आला तर माझ्यावर काढ, यांना हात लावू नको. आणि रडत रडत तो अळणी भात जेवले.

हे पुढे पुष्कळ वर्षं जगले. महादेवाने कधी विषय काढला नाही.