बाळंतपणाची गोधडी

तोमाबेची आडनावाच्या तोमेचा राग सगळ्या गावाला माहीत होता. तिच्याकडे कडक बिस्किटं घ्यायला येणारा माणूस आधी दाराबाहेर उभा राहून कानोसा घ्यायचा. बिस्किटं भाजायचे लोखंडी साचे हळू मिटताहेत की धाडधाड आपटताहेत? आपटत असतील तर बिस्किटं उद्या घेतलेली बरी. नवरा होता तेव्हा दर हिवाळ्यात तोक्योला बोगदे खणायला जायचा. गावातले लोक म्हणायचे, बर्फाला कंटाळून नाही, बायकोला भिऊन जातो. हे कानावर आलं तेव्हा तोमे म्हणाली होती, "खरंय. बोगद्यात त्याच्या डोक्यावर डोंगर असतो, घरी मी."

तो राग नाकावरचा होता, आला तसा जायचा. पण गेल्या फेब्रुवारीत जो आला तो वेगळा होता.

तिच्या घरात एक गोधडी होती. तागाच्या जाड्याभरड्या कापडावर ठिगळ, त्यावर ठिगळ, त्यावर आणखी एक. इथं, जपानच्या उत्तर टोकाला, इतक्या थंडीत कापूस पिकायचा नाही. दक्षिणेकडच्या जुन्या सुती चिंध्या बोटीनं यायच्या आणि तळहाताएवढा तुकडाही बायका जपून ठेवायच्या. गोधडी पांघरायची नव्हतीच. गवतावर अंथरून तिच्यावर बाळंत व्हायचं, आणि नंतर आपल्या अंगावरच्या कपड्याचा एक तुकडा तिला जोडायचा, ही त्या घराची रीत. तोमेची मुलगी सावाको तिच्यावरच झाली. त्या वेळी कळा सोसवेनात म्हणून तोमे ओरडायला लागली, तेव्हा सासूनं खांदे दाबून धरले आणि म्हणाली, "ओरड गं, लाजू नकोस. इथं सगळ्याच ओरडल्यात." आयुष्यभर घालूनपाडून बोललेल्या सासूचं तेवढं एक वाक्य तोमेनं मनात जपलं होतं. सासूचं ठिगळ निळ्या चौकडीचं, डाव्या कोपऱ्यात होतं.

आता सावाकोच्या मुलीचे, चिहारूचे दिवस भरत आले होते. बाळंतपण हाचिनोहेच्या इस्पितळातच व्हायचं होतं, पण घरी आणल्यावर बाळाला पहिल्यांदा गोधडीवर ठेवायचं हे चिहारूनंच ठरवलं होतं. तोमेनं एवढी एकच गोष्ट अंगावर घेतली होती: गोधडी उन्हात घालून, झटकून तयार ठेवायची.

आणि नेमका तेव्हाच बहिणीचा मुलगा शिगेओ दारात आला. तो नगरपालिकेत होता.

"मावशी, तोक्योहून मासिकाचे लोक येतायत. फॅशनचे फोटो काढणार, आपल्या गावात! त्यांना खरी जुनी गोधडी हवी आहे."

"दुकानातून घ्या म्हणावं."

"दुकानातली खोटी वाटते म्हणतात. एका दिवसाचा तर प्रश्न. शाळा बंद पडली, बस बंद पडली. निदान फोटोत तरी गाव दिसू दे."

बस बंद पडलेली तोमेलाही सलत होती. तिनं गोधडी दिली. देताना शिगेओचं मनगट धरून म्हणाली, "चिहारूच्या बाळाची आहे. जशी नेतोस तशी आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बिस्किटं घातलेल्या रश्श्याचं भांडं घेऊन फोटो चालले होते तिथं गेली. देवळामागचं गवती छपराचं रिकामं घर होतं. अंगणात वीस वर्षांची परदेशी पोर बर्फात अनवाणी उभी. ओठ निळे पडलेले. आणि डोक्यावरून घेतलेली, हनुवटीखाली धरलेली ती गोधडी.

"अगं बाई!" तोमे म्हणाली. "बुडाखाली घ्यायची ती हिनं डोक्यावर घेतली."

कुणी हसलं नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणत होता, "सुंदर! किती दुःख आहे यात! अजून थोडं थकलेलं दाखव." तोमेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. थकलेलं दाखव? तिची सासू दिवसभर शेतात राबून रात्री ठिगळं लावायची. पाहुणे आले की हीच गोधडी लाजेनं कपाटात कोंबायची. ती लाज आता या लोकांना सुंदर दिसत होती, कारण ती त्यांची नव्हती.

तिनं फोटोवाल्याला बाजूला सारलं, पोरीला ओढत घरात नेलं आणि रश्श्याचा वाडगा तिच्या हातात दिला. "पी. ही माणसं जेवायला घालतात की नाही?" पोरीला शब्द कळले नाहीत, पण वाडगा रिकामा झाला. तोमेनं तिच्या खांद्यावरून गोधडी काढून घेतली, आणि तिची बोटं आरपार गेली.

आधी तिला वाटलं उंदीर. मग तिनं कापड उजेडात धरलं. टाके कात्रीनं सफाईनं कापलेले होते. पाच-सहा ठिकाणी ठिगळंच नव्हती. डाव्या कोपऱ्यात नुसतं भोक.

"हे कुणी केलं?"

कपडे बघणारी आसाहिना नावाची बाई लगबगीनं पुढं आली, कमरेत वाकली. "आजी, मीच. फोटोत फार नीटनेटकी दिसत होती. आतले जुने थर दिसावेत म्हणून थोडी मोकळी केली. मनापासून क्षमा मागते."

"मोकळी केली?" तोमेचा आवाज फाटला. "अगं, पाच पिढ्या बायका भोकं बुजवत मेल्या! आणि तू एका सकाळीत पाडून मोकळी! ठिगळं कुठायत? आण इकडं. मी शिवीन."

आसाहिनानं बरोबरच्या माणसाकडे पाहिलं. त्यानं खाली पाहिलं. मग घराच्या मधोमध असलेल्या चुलीकडं बोट केलं. "गवत ओलं होतं, पेटेना, आजी. फोटोत धूर हवा होता. चिंध्यांचा छान होतो."

चुलीत राख होती. तोमे गुडघ्यावर बसली आणि तिनं हातानं राख उकरली. काहीच उरलं नव्हतं.

दारात उभ्या असलेल्या शिगेओनं जमिनीला कपाळ टेकलं. आसाहिनानंही टेकलं. फोटोवाला, दिवेवाला, सगळे वाकले.

"उठा!" तोमे कडाडली. "मला तुमचे पाठीचे कणे बघायचे नाहीत. माफीचं ठिगळ लागत नाही." तिनं आसाहिनाच्या कमरेला लटकणारी कात्री हिसकावून घेतली. "जिनं फाडलं तिचं कापड लागेल. ते जाकीट काढ. हातभर पुरे."

आसाहिनाचं जाकीट राखाडी लोकरीचं होतं, मऊ, अंगाबरोबर शिवलेलं. तिचे दोन्ही हात आपोआप जाकिटाच्या कडांवर गेले. तिनं ते छातीशी घट्ट धरलं.

"आजी, हे... हे मला आईनं दिलंय," ती पुटपुटली.

आपण काय म्हणालो ते आसाहिनाच्या लक्षात आलं. तिचं तोंड पांढरं पडलं, पण हात सुटले नाहीत.

तोमेनं कात्री चुलीच्या कडेवर ठेवली. गोधडीची घडी घातली, भोकं आत राहतील अशी, आणि काखेत मारली. दारात शिगेओ अजून गुडघ्यावरच होता.

"बघितलंस ना रे?" ती म्हणाली. "आईनं दिलेलं जाकीट हिला हातभर सोडवत नाही. आणि मी माझी आख्खी सासू तुझ्या हाती दिली होती, एका दिवसासाठी. आता घरी चल. चिहारूला तू सांगायचंस."