डाव्या खांद्यावरची थाप

आधीच सांगतो, मी भर अमावास्येला नवी गाडी घरी आणलेला माणूस आहे. डिस्काउंट होता! तेव्हा भुतंखेतं, आत्मे वगैरे आपलं खातं नाही. तरी हे लिहितोय… कारण घरात सांगायला कोणी नाही.

मी उचगावचा. वय त्रेपन्न, छोटी फौंड्री, आणि पोट असं की विमानाचा पट्टा लावताना श्वास रोखावा लागतो. दोन वर्षांपूर्वी शैला, माझी बायको, गेली. लेक पुण्यात. संध्याकाळी कुलूप उघडलं की घर अंगावर येतं. खासगी पायलटचं लायसन्स हौसेनं आधीच काढलं होतं. मग इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या ट्रेनिंगला लागलो. म्हणजे ढगात बाहेरचं काही दिसत नसताना नुसती समोरची घड्याळं, म्हणजे काट्यांची मीटरं, बघून विमान चालवायचं. सरावाला बैलाच्या झापडीसारखी एक टोपी घालतात, बाहेर काही दिसूच नये म्हणून. मला ती शोभते म्हणे.

आमचे इन्स्ट्रक्टर इरफान सर. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण आवाज तालमीतल्या वस्तादाचा. "काका, अंगाला काय वाटतंय ते इचारूच नका. अंग खोटं बोलतंय. घड्याळं खरी!" माझं घोडं नेमकं तिथंच अडायचं. त्या सकाळी उडण्याआधीच ते म्हणाले, "आज बी तसंच झालं तर थांबू या, काका. राग मानू नका. जिवाचं काम हाय."

थांबायचं… म्हणजे परत त्या कुलपाशी.

पन्हाळ्याच्या बाजूला असू. टोपीखाली मी, उजवीकडे सर. अंग सांगत होतं, विमान अगदी सरळ. घड्याळ सांगत होतं, डावीकडे कललंय. मला वाटलं घड्याळच बिघडलं. कल वाढत चालला आणि माझे हात हलेनात…

तेवढ्यात डाव्या खांद्यावर थाप. टप टप.

हात आपोआप उजवीकडे वळले. विमान सरळ झालं.

इथं जरा थांबून सांगतो. स्कूटरवर मागं बसून शैला अशाच दोन थापा मारून रस्ता दाखवायची. पण तिचं डावं-उजवं कायम उलटं! डाव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे वळायचं, हे मी कितीतरी लग्नं चुकवून शिकलो. वर दम मलाच: "मी बरोबरच सांगितलंतं की! तुम्हीच भलतीकडं वळलासा!"

"सावरलासा की काका!" सर म्हणाले. "मी आता हात घालणारच हुतो."

"खांद्यावर तुम्ही मारलंत?"

"न्हाय वो. माझं हात मांडीवर हायत."

आणि माझ्या डावीकडे फक्त दार.

उतरल्यावर पट्टा, हेडफोनची वायर, सगळं तपासलं. कशाचीच तशी थाप बसेना. सर म्हणाले, "भास असंल. अंग खोटं बोलतंय, सांगितलंय न्हवं?" असेलही. ट्रेनिंग चालू आहे. थाप मात्र पुन्हा पडली नाही, आणि तिचा खुलासा मला आजही देता येत नाही.

त्या दिवशी घरी जाताना फाट्यावर स्कूटर थांबवली. मागून हॉर्नचा कल्लोळ. "ओ पावणं! कुठं जायाचं ते ठरवा की!"

ठरलेलंच होतं. फक्त कुणी सांगतंय का, वाट बघत होतो.