रिकाम्या कोनाड्याला तेल

दसऱ्याला जवसाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. महाराष्ट्र तेव्हा नवा होता. आमच्या गढीला कधीकाळी पडलेल्या वेढ्याच्या जागा पाहायला पुण्याचे एक साहेब जीपनं गावात आले. पडका तट, बुरूज मीच हिंडवले. वेढ्यात आमच्या घरावर पडलेला तोफेचा गोळा आम्ही घरातल्या कोनाड्यात ठेवला होता, दसऱ्याला तेल लावून पुजायचो, तोही दाखवला.

"म्युझियममध्ये ठेवू, तुमच्या नावासकट," साहेब म्हणाले. मी फुगलो. खांद्यावर घेऊन मीच तो जीपमध्ये ठेवला.

जीप गेल्यावर नांदुऱ्याचा बाजार करून बाप आला. "त्या गोळ्यानं मेलेल्या आपल्या माणसायची एवढीच खूण व्हती. त्यायची नावं कोणाले ठावं नाहीत, अन् तुले तुयं नाव पाह्यजे व्हतं बे?"

साहेबानं पुढं साधं पत्रही धाडलं नाही. मी दरसाल रिकाम्या कोनाड्याला तेल लावतो, अन् त्याच्याआधी स्वतःलाच शिवी घालतो.