गुरुजींचा पासवर्ड

आधीच सांगतो, भूतबीत, संकेतबिंकेत मी मानत नाही. दुसरबीडला माझं ऑनलाईन सेंटर आहे. फॉर्म भरणं, प्रिंट काढणं आणि पासवर्ड विसरलेल्यांवर चिडणं, हाच आपला धंदा.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या कमलकाकू सुनेला, शीतलला घेऊन आल्या. सोबत गुरुजींचा, म्हणजे काकूंच्या मालकांचा जुना कॉम्प्युटर. गुरुजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. शीतलचा नर्सच्या भरतीचा फॉर्म त्यांनीच स्वतःच्या ईमेलवरून भरलेला. भरती रखडली ती रखडलीच... आणि आता तिच्या मैत्रिणीला पत्र आलं, उद्या सकाळी बुलढाण्याला कागदपत्रांची तपासणी! पत्राशिवाय आत घेणार नव्हते. शीतलचं पत्र गुरुजींच्या मेलमध्ये, पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, सिम बंद, म्हणजे ओटीपीही नाही. तिचं वय उलटलेलं, पुन्हा फॉर्म भरायची सोय नव्हती.

मेलचं सॉफ्टवेअर उघडलं की बंद पडायचं. पण त्या जुन्या व्हर्जनची खोट मला माहीत होती — पासवर्ड लपवायचा सोडून बेटं साध्या अक्षरांत एका फाईलमध्ये ठेवून देतं, कोणीही वाचावा असा. फाईल उघडली. इंग्रजीत लिहिलं होतं, शाल्मली.

मी मोठ्यानं वाचलं अन् शीतलनं कडेवरच्या लेकीकडे पाहिलं. शाल्मली तीच, सहा महिन्यांची.

वाटलं, गुरुजींनीच नाव सुचवून ठेवलं असेल. तर नाही. नामकरणाला पाच चिठ्ठ्या टाकल्या, त्यातून हे निघालं. तेही शीतलच्या भावाला जालन्याहून येताना एसटीत सुचलेलं. फाईल शेवटची सेव्ह झाली होती गुरुजी जायच्या महिनाभर आधी. मी ती तारीख दोनदा तपासली.

पासवर्ड चालला. पत्र निघालं, शीतल वेळेवर पोचली, आज नोकरीत आहे.

त्या दिवशी निघताना मी काकूंना म्हटलं, हा पासवर्ड उघडा पडलाय, बदलून टाकू. त्या हो म्हणाल्या, फक्त त्या एका ओळीची प्रिंट मागितली. कशाला, म्हणून विचारलं.

"जायच्या आधी हे म्हनत होते, नातवंडाचं तोंड काही आपल्याले पाहाले भेटत नाही... पन दादा, नाव तं त्याईले ठाऊक होतं."