बसमधला सायंटिस्ट

कुणी नवा फोन घेतला की सायंटिस्ट आधी त्याचा वास घ्यायचा. फोन खोक्यातून बाहेर निघाला की पहिल्यांदा त्याच्या हातात द्यायचा, हा आमच्या बसचा रिवाजच पडला होता. तो फोन नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "रंग घाईत वाळवलाय. कडा सोडंल." सगळं आयुष्य पेंट शॉपमध्ये गेलेला माणूस, त्याला रंगाचं कळत होतं हे मी मान्य करतो. पण तिथं थांबला तर तो सायंटिस्ट कसला! बॅटरी, कॅमेरा, आतली चिप, सगळ्यांचं भविष्य त्याच एका वासातून निघायचं. "पाठ बदललीय, पोट तेच हाय," हे ठरलेलं वाक्य. हौसेनं फोन घेऊन आलेल्या माणसाचं तोंड नगर नाक्यापर्यंत पार उतरून जायचं.

ही मुकुंदवाडीहून वाळूजला जाणारी कंपनीची बस. मी कंपनीत लागलो त्या दिवशी बसमध्ये एकच जागा रिकामी होती, त्याच्या शेजारची. ती का रिकामी होती, हे मला क्रांती चौक यायच्या आत कळलं. मग तीच जागा माझी झाली आणि इतकी वर्षं मी तिथंच अडकलो. जुन्या बसला निदान खिडक्या तरी होत्या. नवी आली ती बंद काचांची, एसीवाली, आणि एसी चालायचा तो मालकाच्या मर्जीनं. गोलवाडीला ट्रॅफिक तुंबलं की ना उतरता येतं, ना झोपता येतं, आणि शेजारी हा! कंपनीच्या गेटवर फोन जमा करून घेतात, त्यामुळे फोनबद्दलची पाळीभराची तुंबलेली अक्कल तो बसमध्येच मोकळी करायचा.

त्याचा स्वतःचा फोन बघाल तर काच तडकलेली आणि पाठ रबरबँडनं बांधलेली. फोन शर्टाच्या खिशात ठेवला की काळजाचा ठोका चुकतो, असं त्याचं ठाम मत होतं. बोटानं चालणारे फोन टिकणार नाहीत, असंही तो एके काळी छातीठोक सांगायचा. "रंगारी, मेकॅनिक, शेतकरी, ज्याचे हात खराब त्याला हा फोन काय कामाचा?" एकदा माझा फोन पाण्यात पडला तर यानं सल्ला दिला, ज्वारीच्या पिठात पुरून ठेव. मी पण असला शहाणा की ठेवला. चार्जिंगच्या भोकात पीठ जाऊन फोन कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बोंब मारली तर हा शांतपणे म्हणतो, "पीठ लई बारीक दळलेलं आसंल."

पण आमची खरी कुस्ती विज्ञानाला पैसा द्यावा की नाही यावर. चंद्रावर यान उतरलं तेव्हा त्यानं अख्ख्या बसला पेढे वाटले होते, जसं काही ते त्याच्याच मळ्यात उतरलं. मी म्हटलं, "चंद्रावरचे खड्डे बघून झाले असतील तर गोलवाडीचे पण बघ. तो पैसा रस्त्याला लावला असता तर आपण आत्ता घरी असतो." झालं, पेटला.

"सलीमभाई, ज्यानं पहिल्यांदा काच घासून तिच्यातून बघितलं, त्याला लोकांनी इचारलंच आसंल, का रे बाबा, ह्याचा उपयोग काय? आज तू बसमधी सारा वेळ फोनच्या त्याच काचंत तोंड घालून बसतोस. शोधणाऱ्याला उपयोग इचारायचा नाय. त्याला भाकर द्यायची अन् गप बसायचं."

"भाकर कुणाच्या घरची?"

"देशाच्या. तेवढी असती देशाच्या घरात."

मी कधी हार मानली नाही आणि त्यानंही नाही. पुढच्या सीटवरचे लोक मान वळवून ऐकायचे, मधेच कुणीतरी म्हणायचं, "अरे, झोपू द्या यार." आम्ही ऐकतोय थोडंच.

कंपनीच्या पेंट शॉपमध्ये रोबो येणार अशी कुणकुण लागली तेव्हा बसमध्ये सगळ्यांचे चेहरे पडले. एकटा सायंटिस्ट खूश. "बरंच झालं. ती वाफ माणसानं का म्हणून वढायची?" लोक त्याला मारायचेच बाकी होते. रोबो आले, तेव्हा हा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर उभा राहून बघत बसायचा. म्हणायचा, "हात लई सरळ हाय त्याचा." त्या सरळ हातानं आमच्या नोकऱ्या उचलल्या. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. ठरलेल्या मुदतीत नाव दिलं तर एकरकमी पैसे घेऊन मोकळं व्हायचं, नाही दिलं तर देतील ते काम करायचं.

सायंटिस्टसाठी तर ही योजना म्हणजे देवानंच उघडलेलं दार होतं. त्याला खोकला लागला होता. साधासुधा नाही, बसच्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाणारा. डॉक्टरांनी बजावलं होतं की रंग आणि धूळ दोन्ही सोडा, गावाकडच्या हवेत जा. देवगाव रंगारीला त्याचं शेत होतं, वाटेकऱ्याकडं दिलेलं. विहिरीच्या कडेला दोन खोल्या बांधायच्या, हे त्यानं मला इतक्या वेळा सांगितलं होतं की खिडक्या कुठल्या बाजूला येणार ते माझं पाठ झालं होतं.

घरात माणसं दोनच, तो आणि त्याची मुलगी रेणुका. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. रेणुकानं इथल्या विद्यापीठात एम.एस्सी. केलं आणि तिला दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत संशोधनासाठी जागा मिळाली. विषय काय, तर रातकिडे. एवढ्या गोंगाटात रातकिड्याची मादी आपला नर आवाजावरून कसा ओळखते, यावर म्हणे पाच-सहा वर्षं अभ्यास! बसमध्ये बातमी फुटली आणि हसून हसून लोकांची पोटं दुखली. मी तर उभा राहून विचारलं, "सायंटिस्ट, देशाची भाकर आता रातकिड्यांना पण का?"

तो चिडला नाही. हळूच म्हणाला, "सलीमभाई, काल घरी माझ्याच तोंडातून गेलं. पोरी, ह्याचा उपयोग काय?"

"मग?"

"हसली नुसती. म्हणली, पप्पा, तुम्ही बसमध्ये लोकांना काय सांगता?"

मी टाळी मागितली, त्यानं दिली नाही. आपल्याच बोलण्यात असा पुरता सापडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रेणुका तिकडं रुजू झाली. फेलोशिप मंजूर झाली होती, पण पैसे निघत नव्हते. आज येतील, पुढच्या महिन्यात येतील, फाइल वरच्या टेबलावर आहे, असं करता करता महिने गेले. तिच्याबरोबरची मुलंही तशीच लटकलेली. "सरकारचं असतंच हळू," एवढंच हा म्हणायचा. रेणुकाचं मात्र ठरलं होतं. पप्पांनी नोकरी सोडून गावी जायचं, आणि ते जमणार नसेल तर ती सगळं टाकून परत येणार आणि इथल्या क्लासमध्ये शिकवणार. बापाच्या छातीवर शिकायचं नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं.

योजनेच्या शेवटच्या दिवशी मी बसमध्ये त्याला धरलं. माझं नाव मी कधीच दिलं होतं. "तू दिलंस?"

"नाय."

"डोकं फिरलंय काय? छातीचं काय?"

"छाती हाय अजून. तो पैसा एकदाच मिळायचा अन् संपायचा, सलीमभाई. पगार म्हंजी हापसा, हलवला की पाणी. पोरीला दर महिन्याला लागतंय."

"आणि तिला काय सांगणार?"

"सांगून टाकलं. नाव दिलं म्हणलं. गावाकडं चाललो म्हणलं, मिळालेल्या पैशातनं धाडीन म्हणलं."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. "अरे, सरकारनं द्यायचं ते तू का देतोस? इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, देश देईल, देश देईल! कुठंय तुझा देश?"

"त्यांचं यीपर्यंत मीच," तो म्हणाला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "तिला कळलं तर ती उद्याच बॅग भरंल. तू तोंड उघडायचं नाय. तुला तुझ्या अम्मीची कसम." गोलवाडीला बस तुंबली होती, काचा बंद होत्या आणि हा खोकत होता. मला त्या दिवशी बसची काच फोडून बाहेर उडी मारावीशी वाटली.

मी सुटलो. लासूर स्टेशनला आमच्या घरचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे, तिथं भावाबरोबर बसायला लागलो. लोक म्हणतात, नशीबवान आहात, वेळेत मोकळे झालात. काय मोकळा! दिवसभर गिऱ्हाइकं येतात, सगळी माझ्या हो ला हो करतात. भांडायला माणूस नाही. मला त्याची इतकी आठवण येईल, असं कुणी बसमध्ये सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तिकडं सायंटिस्टला घासाईच्या कामावर टाकलं. रंग आता रोबो मारतो, आणि रंगाच्या आधी पत्रा घासायचा तो यानं. वाफ गेली, धूळ आली. सुट्टीच्या दिवशी पहिली एसटी धरून तो देवगाव रंगारीला जायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा आणि बांधावर उभा राहून पोरीला व्हिडिओ कॉल करायचा. व्हिडिओ कॉलला तो पूर्वी "तोंडं बघायचा धंदा" म्हणायचा. आता फोन कसा धरला की मागं विहीर दिसते, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. मग रेणुकानं सांगितलं, "पप्पा, शेतात राहताच आहात तर दिवेलागणीला रातकिड्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मला आपल्याकडचे ऐकायचेत." सुट्टीचे दोन-चार दिवस त्यानं पाठवले. पण जमिनीत ओल आहे तोवरच ते ओरडतात, म्हणून तिला रोजचे हवे होते. याची सेकंड शिफ्ट, वाटेकऱ्याकडं बटणांचा फोन. राहिलं कोण? मी.

तर विचार करा, रातकिड्यांवर ज्यानं सगळ्या बसला हसवलं तो सलीम लासूरहून स्कूटर काढून देवगाव रंगारीला गेला आणि मक्याच्या कडेला हात लांब करून बसला. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही, अशी वरून ताकीद. रातकिडे ओरडायला लागले आणि डासांनी मला फोडून काढलं. किती वेळ सोसायचं माणसानं? शेवटी तोंडातून गेलंच, "अबे हट! जान लेगा क्या!" पुन्हा रेकॉर्ड करायचा धीर नव्हता. तेच सायंटिस्टला पाठवलं आणि त्यानं न ऐकता पुढं ढकललं.

सकाळी दुकान उघडतोय तोच रेणुकाचा फोन. "काका, काल आमच्या शेतात तुम्ही काय करत होतात?"

"मी? सहज गं. तुझ्या पप्पांना भेटायला..."

"पप्पांच्या आधीच्या प्रत्येक आवाजात मागं खोकला आहे. कालच्यात नाही. गावाकडच्या हवेत खोकला कमी व्हायला हवा होता ना, काका? मी दर वेळी ऐकते, तो वाढतोय. पप्पा कुठं आहेत?"

मला भांडता येतं, खोटं बोलता येत नाही. आणि ती तर कान लावून बसलेली, आवाजांतून आवाज वेगळा काढणं हाच तिचा अभ्यास. अम्मी, माफ कर, असं मनात म्हटलं आणि सांगितलं, "अजून त्या बसमध्येच आहेत बेटा, कंपनीत जातात. नावच दिलं नव्हतं त्यांनी."

मग म्हणाली, "मी आजच निघते."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी ओरडायला लागलो. "खबरदार! काच घासणाऱ्याला लोकांनी उपयोग विचारला होता, तो काय घरी परत आला? शोधणाऱ्यानं मागं बघायचं नाही. भाकर कुणीतरी देतंय ना? मग तू तुझं काम कर. आत्ता आलीस तर त्यानं गिळलेली सगळी धूळ फुकट जाईल." भाऊ आतून बघत राहिला. शब्द सगळे त्या हरामखोराचे, एकही माझा नाही. आणि मी ते रडत रडत बोलत होतो.

तीही रडत होती. म्हणाली, "फेलोशिप येऊ दे काका. आली की मी स्वतः येऊन त्यांना बसमधून उतरवते. तोवर त्यांना सांगू नका मला कळलंय म्हणून."

फेलोशिप अजून आलेली नाही. सुट्टीच्या दिवशी तो बांधावरून तिला पिकाचं सांगतो आणि ती हसून ऐकते. मी संध्याकाळी तोंड बंद ठेवून मक्यापाशी बसतो. दुपारी गोलवाडीला बस तुंबली की त्याचा फोन येतो. आजूबाजूला कुणी ऐकू नये म्हणून हळू बोलतो, "सलीमभाई, पोरीला शंका तर नाय ना आली?"

"नाय रे," मी म्हणतो, "तिला कसली शंका येतीय."

"व्हय," तो म्हणतो, "तुझं बराबर हाय." इतक्या वर्षांत माझं एवढं एकच म्हणणं त्यानं वाद न घालता मान्य केलंय.